मुळं हवेतला नत्र स्वतः ओढत नाहीत, खुलासा

'कडधान्याची मुळं हवेतला नायट्रोजन थेट शोषून घेतात' असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. हे काम रायझोबियम जिवाणूंचं, आणि ते १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी मुळांवरच्या गाठींमधून वेगळे करून दाखवलेत.

खरी गंमत गाठ होण्याआधी मुळं आणि जिवाणू यांच्यात होणाऱ्या बोलण्यात आहे. नत्राची चणचण असली की मुळं मातीत फ्लॅव्होनॉइड्स नावाची रसायनं सोडतात, जवळचे जिवाणू ते ओळखतात आणि उलट नॉड फॅक्टर नावाचा रेणू पाठवतात, तो पोचला की मूळरोम (मुळावरचा बारीक केस) वाकडा होऊन जिवाणूला कवेत घेतो अन् पुढे गाठ तयार होते. प्रत्येक जोडीची भाषा वेगळी असते, म्हणून सोयाबीनचं जिवाणू कल्चर हरभऱ्याला चालत नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

गाठीत नायट्रोजिनेज एन्झाइम नत्राचा अमोनिया करतं, पण ऑक्सिजनने ते बिघडतं म्हणून लेगहिमोग्लोबिन हे लालसर प्रथिन तिथला ऑक्सिजन बांधून ठेवतं. गाठ कापली आणि आत गुलाबी दिसली तर समजा काम चालू आहे. बदल्यात झाड जिवाणूंना मॅलेटसारखं अन्न देतं.

आणि हो, भरपूर युरिया टाकला तर झाड गाठी कमीच करतं.