वजन कसं आपटावं

शक्ती हा सद्गुण आहे हे तुम्हाला एकदाचं पटलं, अभिनंदन. आता प्रश्न एवढाच, की तो अंगी न आणता दाखवायचा कसा. अंगी यायला वर्षं जातात, दाखवायला दीड महिना पुरतो. यात शरीरही तुमच्या बाजूने आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उचलायचं वजन भराभर वाढतं. स्नायू तेव्हा फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकलेले असतात. हे कुणाला सांगू नका. ही वाढ आपल्या चारित्र्याची आहे असं धरून चाला आणि सहाव्या आठवड्यापासून उपदेश सुरू करा. आजारी, थकलेला, झोप न झालेला कुणी भेटला की त्याला म्हणावं, 'सगळं मनावर असतं.' पुढे वजन वाढायचं थांबतं. तेव्हा उपदेश वाढवावा.

आता स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक. ऑलिंपिक बार, म्हणजे ज्याला प्लेटा लावतात तो लांब दांडा, रिकामाच २० किलोचा असतो. आधी नुसता बार, मग ४०, मग ६० असं चढत जाणं हे भित्र्यांचं काम. तुम्ही दोन्ही बाजूंना २०-२०च्या दोन-दोन प्लेटा चढवा, थेट १००. खाली किती जायचं? पॉवरलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे मांडी आणि धड जिथे दुमडतं ती घडी गुडघ्याच्या वरच्या कडेखाली जावी लागते. तुम्ही स्पर्धेला थोडेच निघालात! गुडघे जरासे वाकवायचे आणि खुर्ची ओली आहे हे ऐन वेळी लक्षात आल्यासारखं परत वर यायचं. अशा चतकोर बैठकीत १०० किलो आरामात उठतात, कारण खालचा अवघड टप्पा तुम्ही गाळलेलाच असतो.

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहताना, तो नडगीला घासत वर आणतात. तुम्ही तो चार बोटं पुढे ठेवा. बार जितका पुढे, तितका कमरेवरचा भार जास्त, पाठीला बाक तितका मोठा आणि चेहऱ्यावरचे भाव तितके करारी. छोट्या व्यासाच्या प्लेटा असतील तर सोन्याहून पिवळं. २० किलोच्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. छोट्या लावल्या की तो आणखी खाली, आणि पाठ आणखी गोल. खाली ठोकळे ठेवून बार उंच करता येतो, पण ठोकळ्यांचा फोटो कोण काढतं?

कमरेच्या बेल्टचं मात्र कौतुक करायलाच हवं. पोटात खोल श्वास भरून तो रोखायचा, पोट बेल्टवर दाबायचं, आतला दाब वाढला की कण्याला आधार मिळतो, असं त्याचं काम चालतं. म्हणजे काम पोट करतं, बेल्ट नुसता दाबायला भिंत देतो. हे फार आतलं झालं. तुम्ही तो सैल बांधा आणि पाणी प्यायला जातानाही काढू नका.

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं, एकट्याने करावा. कुणाला 'जरा मागे उभा राहतोस का?' असं विचारलं की शक्तीचा सद्गुण तिथेच संपतो. वर प्लेटा घसरू न देणाऱ्या क्लिपाही घट्ट लावा. एकटा असताना क्लिपा न लावणारे लोक बार छातीवर अडकला तर तो एका बाजूला कलवतात, प्लेटा घसरवून टाकतात आणि जीव वाचवतात. अशी पळवाट ठेवणाऱ्याला काय वीर म्हणायचं?

आता मुख्य विद्येकडे येऊ, म्हणजे आपटण्याकडे. स्नायूंची एक खोड आहे: ते जेवढं वजन वर नेऊ शकतात, त्याहून जास्त वजन आवरत-आवरत खाली आणू शकतात. जाणकार माणूस बार खाली आणायला तीनेक सेकंद घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं तेही बरंचसं या खाली आणण्यानेच. तेव्हा वर नेल्यावर टाळ्या घ्या आणि सोडून द्या. डोक्यावर नेलेला बार वेटलिफ्टरही सोडतात म्हणा, पण त्यांच्या प्लेटा रबरी आणि खाली खास मंच. तुमच्या लोखंडी आणि खाली फरशी. आवाज तुमचाच जास्त.

रागाचंही असंच. तो वर न्यायला काही लागत नाही, एक शब्द पुरतो. तीन सेकंद धरून, दात न खाता, कुणाच्या पायावर न पडू देता तो जमिनीवर टेकवणं यात खरी मेहनत आहे, आणि ती बघायला कुणी नसतं. म्हणून तोही आपटावा, शक्यतो उलट बोलू न शकणाऱ्यावर. माफी मागायची पाळी आलीच तर इथेही चतकोर बैठक चालते: 'तुला वाईट वाटलं असेल, तर सॉरी.' त्या 'असेल तर'वर सगळा भार टेकतो, गुडघ्याला काही होत नाही. पूर्ण खाली जायचं तर 'माझं चुकलं' म्हणून गप्प राहावं लागतं. त्यात गप्प राहणं जास्त जड.

काहीजण सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेटा लावून आठवड्याला अडीच किलो वाढवतात. जिममधल्या कोणत्याही स्टँडवर सर्वांत कोऱ्या प्लेटा याच असतात, रंगही उडालेला नसतो. त्यांच्याच तोलामोलाची आतली कामं म्हणजे वेळेवर पोचणं, ओठावर आलेला दुसरा टोमणा गिळणं, टीका शेवटपर्यंत ऐकणं. यांना हात लावू नका. ॲरिस्टॉटलने सद्गुण समजावताना शक्तीचाच दाखला दिला होता: व्यायाम अति झाला तरी ती जाते, कमी पडला तरी जाते. बिचाऱ्याला रील करता आलं नसतं.

तुमचा आदर्श क्रोटोनचा मिलो. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती सहा वेळा जिंकलेला मल्ल. वासरू रोज उचलत गेला आणि बैल झाल्यावरही उचलला, ही त्याची दंतकथा सगळे सांगतात. शेवटची दंतकथा कमी सांगतात: पाचरी मारलेलं एक झाड दिसलं, हातांनी फाडून बघू म्हणून त्याने फटीत हात घातले, पाचरी निसटल्या, हात अडकले आणि रात्री लांडगे आले. तुम्ही फक्त बैलापर्यंतची सांगा.

व्यायाम झाला की प्लेटा बारवर तशाच सोडून निघा. काढायचाच आग्रह असेल तर आधी एका बाजूच्या सगळ्या काढा. दुसऱ्या बाजूला ४० किलो असले की स्टँडवरचा बार उलटतो आणि समोरच्याच्या चपळाईची परीक्षा होते. नाहीतर मागून कुणी ३० किलोवर शिकणारा येईल, तुमचे ८० किलो तो उतरवील: एक प्लेट इकडची, एक तिकडची, पोटाशी धरून न्यायची आणि आवाज न करता खाचेत सरकवायची. तिकडे बघू नका. तुम्ही आरशात बघा.