स्ट्रीट ग्लाइड काळी करण्याच्या कामाबद्दल, गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आत्ता नको, सकाळी लिहा. तिचं ऐकलं ते बरं झालं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सर कोल्हापूरचे. त्यांची 2015 ची हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ग्लाइड मोटारसायकल आमच्या पुण्याच्या गॅरेजात आली ती अंगावरचं क्रोम काळं करून घ्यायला. 2018 पासून कंपनीनेच स्ट्रीट ग्लाइड स्पेशलला जसं काळं रूप दिलं, तसं. टाकी आणि फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) मुळातच काळी होती, त्यामुळे आरसी बुकातल्या रंगाचा प्रश्न नव्हता. तक्रारी अशा: तीन आठवडे सांगून सात लावले, सायलेन्सरच्या शिल्डचा रंग सातारा यायच्या आत सुटला, काळी केल्यापासून गाडी जास्त तापते, सांगितलेलं काम अर्धवट सोडलं आणि काढलेलं क्रोमचं सामान आम्ही 'विकून खाल्लं'.

शिल्डचं आधी बोलतो, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे.

पाइपवर जे पत्र्याचं आवरण असतं ते पाइपाइतकं तापत नाही, पण इंजिनाच्या हेडजवळच्या वळणावर चांगलंच तापतं. पावडर कोटिंग म्हणजे कोरड्या पावडरीचा रंग, तो भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. इंजिनाच्या कव्हरला, क्रॅशगार्डला ते उत्तम. शिल्डला मात्र जास्त उष्णता सोसणारं सिरॅमिक कोटिंगच हवं, आणि हे मला माहीत होतं. सिरॅमिकवाल्याकडे आठ दिवसांनी नंबर लागणार होता, आम्हाला आधीच उशीर झाला होता आणि तुमचे फोन येत होते. म्हणून भोसरीला जाणाऱ्या पावडरच्या लॉटमध्येच शिल्ड घातले. त्यातही खालचं क्रोम पूर्ण न उतरवता नुसतं घासून. क्रोमवर रंग धरत नाही, हे गॅरेजात पहिल्या महिन्याला आलेल्या पोरालाही सांगतो आम्ही. पापुद्रे सुटले यात नवल काहीच नाही. शिल्डच्या कामाचे घेतलेले 9,500 रुपये काल तुमच्या खात्यात परत टाकले आहेत. सिरॅमिकचा खर्च आमचा.

उशिराचं कारण तुम्हाला तेव्हा नीट सांगितलं नाही, आता सांगतो. प्रायमरी कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं क्लचवरचं मोठं झाकण, ओतीव ॲल्युमिनियमचं. इतक्या वर्षांत त्याच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. क्रोम उतरवून, पावडर मारून भट्टीत टाकलं की ते तेल उकळून वर येतं आणि रंगाला फोड येतात. आधी नुसतं भाजून तेल बाहेर काढायचं असतं. तसं केलंही, पण कमी पडलं. पूर्ण उतरवून पुन्हा सगळं पहिल्यापासून. क्रॅशगार्डचं वेगळंच दुखणं निघालं. तुमची गाडी पहिल्या मालकाकडे मुंबईत समुद्राजवळ होती. वरून चकचकीत दिसणाऱ्या क्रोमखाली गंजाचे खड्डे निघाले. शोभेच्या क्रोमचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो, खरी चमक त्याच्या खालच्या निकेलची. एकदा खारी हवा आत शिरली की वरून वर्षानुवर्षं कळत नाही. शिवाय पुढच्या चाकाचे फोर्क काढायचे म्हणजे आधी पुढची बॅटविंग फेअरिंग उतरवावी लागते आणि तिच्यात स्पीकर, मीटर, वायरींचं जंजाळ असतं. ही सगळी कारणं खरी आहेत, पण तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः फोन करून ती सांगायला हवी होती. तुम्हाला चार वेळा 'उद्या कळवतो' ऐकावं लागलं. त्याबद्दल माफी मागतो.

आता तापण्याचं. बाहेरची कव्हरं सोडली तर इंजिनाला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही. 1690 सीसीचे दोन सिलिंडर एकामागे एक, त्यांतला मागचा बरोबर मांडीखाली. हवा लागली तर ठीक, नवले पुलापाशी अर्धा तास अडकलात तर शेगडी. ही गाडी ज्या सरळ, मोकळ्या रस्त्यांसाठी बनली तसे रस्ते आपल्याकडे आता आहेत, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे घ्या, समृद्धी घ्या, सी लिंक नाहीतर अटल सेतू घ्या, दुचाकीला सगळीकडे मनाई. पावणेचारशे किलोच्या आसपासचं हे धूड मग जुन्या हायवेवर ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतं आणि गरम होतं.

तरी तुमचं म्हणणं हसण्यावारी नेत नाही. चकचकीत क्रोममधून उष्णता कमी बाहेर फेकली जाते, काळ्या पृष्ठभागातून जास्त. त्यामुळे शिल्डच्या बाजूला उजव्या पोटरीला थोडा फरक जाणवत असेल तर तो भास नाही. गाडी उन्हात लावली की काळे हँडलबार, काळे लिव्हरही हाताला चटका देणार. काळ्या गाडीच्या हौसेचा तो भाग आहे आणि हे मी काम घेतानाच बोलायला हवं होतं.

सिग्नलला थांबल्यावर इंजिन लंगडल्यासारखं वाजतं, 'एक सिलिंडर मेला', असं तुम्ही लिहिलंय. तो बिघाड नाही. इंजिन फार तापलं आणि गाडी उभी असली की मागच्या सिलिंडरचं पेट्रोल आपोआप बंद होतं, तशी सोय कंपनीनेच दिली आहे. निघालात की तो पुन्हा चालू होतो. आवाज नकोसा वाटत असेल तर इंजिन सुरू ठेवून, गाडी उभी असताना थ्रॉटल नेहमीच्या उलट्या दिशेने दाबून धरा, ती सोय बंद होईल. पण मी तुमच्या जागी असतो तर आवाज सहन केला असता आणि मांडी वाचवली असती.

'अर्धवट काम' म्हणजे काय ते इथे लिहिलेलं बरं. सायलेन्सरमधले बॅफल (आवाज दाबणारे भाग) काढा, मागचा दिवा काळपट करा आणि नंबरप्लेट काळी करा, अशा तीन गोष्टी तुम्ही सांगितल्या होत्या. तिन्हींना मी पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हणालो. गाडीत मनमानी बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, हाय सिक्युरिटी नंबरप्लेटशी खेळता येत नाही आणि पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरच्या रांगेवरून रोडरोलर फिरताना तुम्हीही पाहिलाच असेल. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. अख्खी गाडी काळी, अंगात काळं जॅकेट, रात्रीचा खंबाटकी घाट आणि मागे भरलेला ट्रक. त्या ड्रायव्हरला दिसण्यासारखं तुमच्याजवळ एवढा एकच लाल दिवा उरतो. तो मी काळा करणार नाही. दुसरीकडून करून घेतलात तर माझा इलाज नाही. आणि ट्यूनिंग न करता नुसते बॅफल काढले तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन इंजिन आणखी तापू शकतं, म्हणजे तुमची तिसरी तक्रार वाढलीच.

राहिलं सामान. 'विकून खाल्लं' हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जे भाग बदलले, म्हणजे आरसे, लिव्हर, एक्सलची टोपणं आणि डिकीचे गार्ड, ते दोन खोक्यांत तुमच्या गाडीचा नंबर लिहून लिफ्टच्या मागच्या रॅकवर ठेवले आहेत. फोटो काल व्हॉट्सॲपवर पाठवला. ज्या भागांवरचं क्रोम उतरवलं ते तुमच्या गाडीवरच आहेत, आणि ते पुन्हा क्रोमचे होणार नाहीत हे एस्टिमेटवर लिहिलेलं होतं, खाली तुमची सही आहे. फोनवर 'सामान कुठंय मला काय माहीत' म्हणणारा मुलगा आमचाच. चहापेक्षा किटली गरम. त्याच्याशी बोललो आहे, आणि यापुढे गाडी सोडताना सामानाची यादी मी स्वतः हातात देईन.

शिल्डसाठी पुण्याला यायची गरज नाही. ते क्लॅम्पवर असतात, स्क्रूड्रायव्हरने निघतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावर काढा, वर्तमानपत्रात गुंडाळून बसच्या पार्सलने पाठवा, पार्सलचे पैसे इथे आम्ही भरू. दहा दिवस लागतील, या वेळी दहाच. तोवर शिल्डशिवाय गाडी बाहेर काढू नका, उघड्या पाइपला पाय लागला तर कातडी सोलून निघेल. परतीच्या पार्सलमध्ये तुमची दोन्ही खोकी असतील.