कर्णाच्या पश्चात्तापात कुणाचे नाव नाही?

काल संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला तो कर्णाचा. आमच्या वकील मित्राची तक्रार अशी की, पौराणिक कादंबऱ्यांनी कर्णाला इतके धुऊन स्वच्छ केले आहे की द्रौपदीला भर सभेत ‘बंधकी’ (म्हणजे वेश्या) म्हणणारा आणि तिची वस्त्रे उतरवायला दुःशासनाला सांगणारा तो हाच, याचा वाचकाला विसर पडतो. "स्वतःवर अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावर करायची मुभा मिळते का?" असे त्याने विचारले.

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीला ते अजिबात पटले नाही. "जन्मतःच नदीत सोडलेला आणि भर रंगमंडपात कुळ विचारून मान खाली घालायला लावलेला माणूस आहे तो. त्याची बाजू कुणी मांडायचीच नाही का? माझ्या वर्गातली किती मुले त्याच्यात स्वतःला पाहतात, हे तुला ठाऊक नाही."

संस्कृत शिकवून निवृत्त झालेले अप्पा तोवर ऐकत होते. त्यांनी स्वयंवराचा मुद्दा काढला. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ते मूळ संहितेत घेतलेले नाही, पाठभेदांत ठेवले आहे. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण त्या एका वाक्याच्या आधारे कर्णाचे सभेतले वागणे अपमानाची परतफेड ठरते आणि दोषाचा वाटा गुपचूप द्रौपदीच्या पदरात पडतो. खलपुरुषाविषयीची करुणा अशी दुसऱ्याच्या खात्यातून काढून द्यायची नसते.

"आणि कर्णाला त्याची गरजही नाही," अप्पा म्हणाले. उद्योगपर्वात तो स्वतःच कृष्णाला सांगतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कटू बोललो, त्या कर्माने आज मी पोळतो आहे. अपराध झाकणाऱ्या लेखकाला हा श्लोक वापरताच येत नाही. कारण काही घडलेच नसेल, तर पोळायचे कशाने?

वकील थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण अप्पा, त्यात पांडव आहेत. द्रौपदी कुठे आहे?"

याला उत्तर मिळाले ते मैत्रिणीकडून, आणि तेही कर्णाचे नव्हे, दुर्योधनाचे. भासाच्या ‘ऊरुभंग’ या संस्कृत नाटकात मांड्या मोडून पडलेल्या बापाच्या मांडीवर बसायला लहानगा दुर्जय येतो आणि दुर्योधनाला त्याला अडवावे लागते. त्याच मुलाला तो मरता मरता बजावतो की, माझी करतोस तशीच पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ आणि अभिमन्यूच्या आईला व द्रौपदीला मातेसमान मान. ज्या मांडीकडे त्याने सभेत द्रौपदीला खुणावले होते, तीच ही मांडी.