मेहुण्यांच्या नजरेतून काही सुटत नाही

कंपनीबद्दल नेटवर कोण काय बोलतंय, यावर नजर ठेवणं हे माझं काम. काल भर मीटिंगमध्ये ते मला साहेबांच्या मेहुण्यांनी शिकवलं. त्यांचा कंपनीशी संबंध बहिणीपुरता. त्यांनी मोबाइल नाचवत व्हॉट्सॲपवर आलेला एका ग्राहकाच्या तक्रारीचा स्क्रीनशॉट दाखवला.

"तुमच्या यंत्रणेला हे दिसलं नाही? मला बसल्या जागी दिसलं."

"ते चित्र आहे हो. नाव नेटवर आलं की कळवणाऱ्या गूगल अलर्टला अक्षरं लागतात."

"अक्षरंच आहेत की! चष्म्याशिवाय वाचली मी."

"शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्टेड असतात. बाहेरच्याला वाचता येत नाहीत."

"मला आले ना?"

"तुम्ही त्या ग्रुपात आहात."

"मग तुम्हीही व्हा!"

"जगातल्या सगळ्या ग्रुपांत?"

"सगळ्या कशाला," मेहुणे उदार झाले, "महत्त्वाच्या."

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारून.

जे दिसू शकतं, ते दिसावं म्हणून काय करावं लागतं, हे मात्र कुणी विचारत नाही. गूगल अलर्टमध्ये नाव अवतरणचिन्हांत घालायचं, नाहीतर नावातले दोन शब्द पानाच्या दोन टोकांना असले तरी अलर्ट येऊन आदळतो. नको तो शब्द उणे चिन्ह लावून वगळायचा, मध्ये जागा न सोडता. आपली साइटही तशीच वगळायची, नाहीतर आपलीच जाहिरात आपल्याला बातमी म्हणून येते. 'फक्त उत्तम निकाल' काढून 'सर्व निकाल' करायचं. नावाची चुकलेली स्पेलिंगं वेगळी टाकायची, कारण चिडलेला माणूस स्पेलिंग बघत नाही. तो टॅगही करत नाही, त्यामुळे नोटिफिकेशनच्या भरवशावर बसलात की संपलं. एक्सवर नाव रोज हाताने शोधायचं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्टांवर नजर ठेवायला मेटाचं क्राउडटँगल होतं, तेही ऑगस्ट 2024 मध्ये बंद झालं. हत्यारं एकेक काढून घेतात आणि वर विचारतात, शिकार कुठाय?

लोकांचं बोलणं चांगलं-वाईट अशा खात्यांत वाटणाऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरची वेगळीच तऱ्हा. 'वा, काय सेवा आहे! पार्सल आलं, तेही शेजाऱ्याचं!' हे ते बिनदिक्कत सकारात्मक खात्यात टाकतं. मग त्या खात्यातलं प्रत्येक वाक्य डोळ्यांनी वाचायचं. त्याचा वेळ कुणी धरत नाही.

मीटिंगनंतर तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. ते ग्राहकाने पाठवलेलं ईमेल होतं. वर 'प्रति'समोर आमच्याच ग्राहकसेवेचा पत्ता, विषयात 'तिसरी आठवण', आणि खाली आमचं आपोआप गेलेलं उत्तर: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' म्हणजे ज्याच्यासाठी मी आख्खं नेट पालथं घालायचं, ते शेजारच्या विभागाच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडलेलं.

हे मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, आधी मेहुण्यांच्या ग्रुपात जा.