पाकिटाला डीसींचा हुकूम, मोबाईलला नुसता दम

उभा जन्म टपाल खात्यात गेला. बेळगावातल्या शहापुरातून सायकल मारत जायचं नि सॉर्टिंगच्या खणांसमोर उभं राहायचं. मराठी पत्ते, कानडी पत्ते, कुठं बेळगाव तर कुठं बेळगावी, सगळं एकाच थैलीत. पण पाकीट फोडायची छाती कुणाची नव्हती. खाकीतला माणूस आला तरी मास्तर आधी विचारायचे, "हुकूम कुठाय?"

गेल्या ऑक्टोबरअखेर भाच्याला चौकात पोलिसांनी अडवलं. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव नि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, तोंडावर आला की आमच्या गावची हवा कशी होते, ते सीमाभागातल्यांना सांगायला नको. "ग्रुपवर काय टाकलंस? उघड फोन." यानं उघडून दिला. वीस मिनिटं साहेबांचा अंगठा फिरत होता. आईचे शुगरचे रिपोर्ट, पोरीकडच्यांशी चाललेली बोलणी, कर्जाचे हप्ते. गुन्हा नोंदवलेला नाही, कागद नाही, पावती नाही. घरी येऊन खुशीत सांगतो, "मामा, काय सापडलं नाही की त्यांना!" साहेबांपेक्षा मला त्याचाच राग आला.

फोन चोरून ऐकायचा तर नियम कडक आहेत. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हुकूम गृहसचिवाच्या पातळीवरूनच हवा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आहेत, पण मुदत तीच: एका हुकुमाला ६० दिवस, वाढवून वाढवून १८०. आयटी कायद्याच्या कलम ६९ मध्ये तर साठवलेली माहितीही येते, नि तिथंही मंजुरी गृहसचिवाचीच.

मग भोक कुठं आहे? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपासाच्या कायद्याच्या, कलम ९४ मध्ये. तपासासाठी हवं म्हणून ठाण्याचा अंमलदार लेखी आदेशानं कागदपत्रं मागवू शकतो, आणि त्या यादीत आता डिजिटल पुरावा असू शकेल अशी उपकरणं स्पष्ट शब्दांत घातलीत. गंमत म्हणजे याच कलमातून टपालातलं पत्र, अगदी पोस्टकार्डसुद्धा, वगळलंय! त्यासाठी पुढचं कलम ९५, म्हणजे हुकूम डीसीचा (आमच्याकडचा जिल्हाधिकारी) किंवा कोर्टाचा. एसपीसुद्धा फार तर टपाल शोधून अडवून ठेवायला सांगू शकतो, हातात मागू शकत नाही. (२०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्यानं केंद्राला टपाल उघडायची वेगळी वाट ठेवलीय, तेव्हा आमचंही फार कौतुक नको.) म्हणजे पन्नास पैशांच्या कार्डाला कुंपण, नि दहा वर्षांचा संसार भरलेल्या मोबाईलला एका ठाण्याचा कागद पुरे. भाच्याच्या वेळी तर तोही नव्हता.

वाटेतला निरोप वेगळा नि पडून असलेला वेगळा, हा भेद अमेरिकेतही घोळ घालून गेलाय. १९९० मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला सीक्रेट सर्व्हिसनं एका खेळ छापणाऱ्या कंपनीचा संगणक उचलला. त्यात लोकांनी अजून न वाचलेल्या १६२ ई-मेल होत्या. १९९४ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, त्या डिस्कवर पडून होत्या, वाहत नव्हत्या, म्हणून हे 'वाटेत पकडणं' नव्हे. साठवलेल्या संदेशांचा कायदा मोडल्याबद्दल भरपाई मिळाली, पण तो कायदा सौम्य. मला सॉर्टर म्हणून हे पटत नाही. रात्रभर माझ्या खणात पडलेलं पत्र पोचलं म्हणायचं काय? ज्याचं त्यानं फोडेपर्यंत ते वाटेतच असतं.

आपल्या कर्नाटक हायकोर्टानं मार्च २०२१ मध्ये बरं केलं. फोनमधलं बघायचं तर वॉरंट घ्या, अगदीच तातडी असेल तर कारणं लिहून ठेवा. पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असंही तेच कोर्ट म्हणालं. ते मला खटकतं, पण असो. निकाल धारवाडच्या खंडपीठापर्यंत पोचला असेल, आमच्या चौकात अजून यायचाय.

भाच्याला बसवून एक ओळ घोकून घेतलीय, मराठीतून विचारलं तर वाद भलतीकडंच जायचा म्हणून कानडीत: "सर, आदेश एल्लिदे?" म्हणजे मास्तरांचंच, "हुकूम कुठाय?" 'एल्लिदे'वर अजून अडखळतोय.