सोबत पक्की पावती जोडावी

सामाजिक संस्थेत ‘प्रोजेक्ट सपोर्ट अँड ॲडमिन’ म्हणून रुजू होताय? अभिनंदन. घरच्यांना नेमकं काय काम सांगायचं याची काळजी करू नका, त्यांना तसंही कळणार नाही. माझे मामा अजून पाहुण्यांना सांगतात, ‘एनजीओच्या ऑफिसात कुठंतरी चिकटलाय.’ तेही फार चूक नाही. गावात फिरणारे वेगळे, स्टेजवर बोलणारे वेगळे. आपण मधले. गावातून आलेला, चहाचा डाग पडलेला कागद आणि शहरातल्या हेड ऑफिसची एक्सेल शीट यांची सोयरीक जुळवायची, एवढंच आपलं काम. पत्रिका कधीच जुळत नाही, ते सोडा.

तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

आधी एक करा, स्वतःला अख्खा माणूस समजणं सोडा. तुम्ही टक्क्यांत आहात. माझा चाळीस टक्के पगार पाण्याच्या प्रकल्पातून निघतो, तीस टक्के बचत गटांच्या, उरलेला एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून. म्हणून टाइमशीट भरताना सकाळी पाण्याचा, जेवणानंतर बचत गटांचा आणि संध्याकाळी कंपनीचा विचार केला असं लिहायचं. पदाच्या नावातही जीव अडकवू नका. परदेशी निधीतला ५० टक्क्यांपर्यंतचा पैसा पूर्वी प्रशासनावर खर्च करता यायचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं ती मर्यादा २० टक्क्यांवर आणली. त्यानंतर किती प्रशासकीय सहायक एका रात्रीत कार्यक्रम सहायक झाले, ते विचारू नका. टेबल तेच, खुर्ची तीच, प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाकही त्याच माणसाला.

प्रपोजल लिहायची वेळ आली तर घाबरू नका. पहिला परिच्छेद प्रत्येक संस्थेत आधीच तयार असतो. मराठवाडा, आठ जिल्हे, पाचवीला पुजलेला दुष्काळ, १९७२, मग किल्लारीचा भूकंप १९९३, मग २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी. हा मजकूर कॉपी करून फक्त तालुक्याचं नाव बदलायचं. (एकदा जुना तालुका तसाच राहून गेला होता. निधी मिळाला.) अडचण झाली ती २०२५ च्या सप्टेंबरात. सिंदफणा, मांजरा, सीना, सगळ्या नद्या पात्र सोडून वावरात शिरल्या, खरडून गेलेल्या जमिनीवर सोयाबीनचं नावनिशाण उरलं नाही, आणि त्याच सुमारास वरून मेल: तिमाही अहवालासाठी कोरड्या विहिरींचे फोटो हाय रिझोल्युशनमध्ये पाठवावेत. प्रकल्पाच्या नावात दुष्काळ असल्यावर पावसानंही जरा भान ठेवायला पाहिजे होतं.

फोटोवरून आठवलं. कार्यक्रमाला माणसं नसली तरी चालतं, फ्लेक्स पाहिजे. फ्लेक्सवर लोगो पाहिजे. लोगोच्या वर दुसऱ्याचा लोगो नको.

कोटेशन तीन लागतात, खराट्यालासुद्धा. दुकानदाराला फक्त ‘संस्थेचं आहे’ म्हणा, बाकीची दोन लेटरहेडं तो स्वतःच गल्ल्याखालून काढून देतो. एक भावाचं, एक मेहुण्याचं.

रेव्हेन्यू स्टॅम्प कायद्यानं पाच हजारांवरच्या पावतीलाच लागतो. तुम्ही पन्नास रुपयांच्या पावतीलाही लावा. वाद घालू नका. गोंद जवळ ठेवा.

कार्यकारिणीतलं कोणी वारलं तर दुःख व्यक्त करा, पण सही लगेच थांबली असं समजू नका. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अर्ज) मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनच्या, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर माणूस हयात असतो.

बेसलाइन सर्व्हे, म्हणजे काम सुरू करण्याआधीची पाहणी, कधी करायचा, हे हेड ऑफिस ठरवतं. निधीचा पहिला हप्ता एप्रिलला येणार असतो, तो दिवाळीनंतर येतो, म्हणून सर्व्हे डिसेंबरात. विषय: ऊसतोड कुटुंबांतील महिलांचं आरोग्य. आता डिसेंबरात धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही तांड्यावर जाऊन बघा. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी, अंगणात दोन शेळ्या आणि आजीच्या ताब्यात दिलेली नातवंडं. कोयते (ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता) दसरा-दिवाळीलाच गेलेले असतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. आगाऊ उचल घेतलेली, मुकादमाचा ट्रॅक्टर येऊन टोळी घेऊन गेलेला. ‘सॅम्पल साइज का पूर्ण झाला नाही?’ असं विचारलं की एवढं सगळं लिहायचं नाही. ‘लाभार्थी उपलब्ध नव्हते’ असं लिहायचं. त्यावर पुढची मेल ठरलेली आहे: ‘कृपया लाभार्थ्यांना आधी पूर्वसूचना द्यावी.’ कारखाना बंद ठेवा म्हणून सूचना द्यायची का? असो.

आता प्रवास खर्च. हे नीट समजून घ्या, कारण नोकरीतला निम्मा वेळ यातच जाणार आहे.

प्रवासाला तिकीट पाहिजे. एसटीचं तिकीट उत्तम. मात्र ते मशीनमधून निघतं आणि उन्हाळ्यात त्याच्यावरची शाई उडते. व्हाउचरच्या पाठीमागं एका ओळीत चिकटवलेली तिकिटं ऑडिट येईपर्यंत पांढरीशुभ्र होतात. म्हणून आधीच झेरॉक्स काढायची. मग विचारतात, झेरॉक्स का, ओरिजिनल कुठंय? ओरिजिनल ही काय, कोरी पट्टी. ती दाखवली की म्हणतात, यावर तर काहीच नाही.

एसटीचं हे असं. जीपला तर तिकीटच नसतं. आमच्या एक ताई आहेत, तांड्यावरच्या कार्यकर्त्या. मानधन चार हजार. महिन्याच्या बैठकीला त्यांना बीडला यायचं असतं. तांड्यावरून फाट्यापर्यंत पायी, फाट्यावरून तेलगावपर्यंत काळीपिवळी, तिथून एसटी. एसटीचं तिकीट त्यांनी जपून आणलं, पदराच्या गाठीत बांधून. जीपवाल्याकडून पोराच्या वहीचं पान फाडून लिहून घेतलं: ‘फाटा ते तेलगाव जाणे येणे ८० रु. मिळाले.’ खाली त्याची सही, गाडीचा नंबर आणि मोबाइल नंबरसुद्धा. इतका चोख पुरावा मी भल्याभल्या मॅनेजरांकडून पाहिलेला नाही.

गेल्या आठवड्यात त्यावर हेड ऑफिसची क्वेरी आली. ‘सपोर्टिंग ग्राह्य नाही. हस्तलिखित पावती स्वीकारता येत नाही. पक्की पावती जोडावी. तसेच महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत असताना पूर्ण भाडे का आकारले, याचा खुलासा संबंधितांकडून घ्यावा.’

मी ती क्वेरी पुन्हा पुन्हा वाचली. लिहिणारी व्यक्ती हुशार असणार, योजनांची माहिती ठेवते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, अगदी खरं. पण एसटीत! आणि त्यासाठी आधी एसटी यावी लागते. त्या फाट्यावर बैठकीच्या वेळेला धरून गाडी नाही. वेळापत्रकात असेल, रस्त्यावर नाही. काळीपिवळीवाला महिला सन्मान म्हणून एवढंच करतो की बाई बघून तिला मागं कोंबण्याऐवजी पुढच्या सीटवर चौथी बसवतो. भाडं पूर्ण घेतो. त्याला जाऊन योजनेचं परिपत्रक दाखवू का?

आणि पक्की पावती म्हणजे काय हो? जीएसटी नंबरची? असाच वाद याआधी गावातल्या बैठकीच्या चहावरून झाला होता. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या हॉटेलवाल्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही, हा कायदा आहे. फाट्यावर पत्र्याच्या टपरीत चहा विकणाऱ्याला सरकार म्हणतं, बाबा, तुला नंबर नको. आमचं हेड ऑफिस म्हणतं, पाहिजे.

खुलासा ‘संबंधितांकडून’ घ्यायचा होता म्हणून ताईंना फोन लावला. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ, ऐंशी रुपयांसाठी कशाला कागद काळे करता? पुढच्या टायमाला मी मागणारच नाही.” झालं. खर्च वाचला. हेड ऑफिसच्या भाषेत याला कॉस्ट इफेक्टिव्हनेस म्हणत असतील.

याच ताईंचा फोटो संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. डोक्यावर पदर, हातात रजिस्टर, मागं बालाघाटचा डोंगर. गुळगुळीत आर्ट पेपर. एका प्रतीची छपाई त्यांच्या त्या जीपभाड्याहून महाग पडली आहे, बिल मीच फाइल केलंय. त्यांना शहरातल्या हॉटेलात नेऊन ‘चेंजमेकर’ म्हणून स्टेजवर बसवलं होतं. विषय होता ग्रामीण महिलांचं आर्थिक सक्षमीकरण. त्यावर बोलायला आलेले सल्लागार विमानानं आले होते, आणि त्यांची एका दिवसाची फी ताईंच्या दोन-तीन महिन्यांच्या मानधनाएवढी होती. त्यांच्या व्हाउचरला क्वेरी आली नाही. बोर्डिंग पास हरवला म्हणाले, ‘नोटेड’ असं उत्तर गेलं.

थंडीत डोनरची व्हिजिट झाली तेव्हा सगळ्यांना हुरडा खायचा होता. शेतात सतरंज्या, गूळ, दही, चटण्या, साग्रसंगीत. शेतकऱ्यानं पैसे घेतले आणि वहीच्या पानावर लिहून दिलं. अगदी तसंच वहीचं पान. ते ‘समुदाय बैठक’ म्हणून पास झालं, कारण सह्या करणारेच खाणारे होते.

म्हणजे वहीचं पान चालतं. ते कोणाचं आहे, त्यावर ठरतं.

तेव्हा नवीन माणसा, तुला आता खरा सल्ला देतो. बाजारात जा आणि एक कोरं बिलबुक विकत घे. वर ‘अमुक ट्रॅव्हल्स’ असा शिक्का मार, ऐंशीच्या जागी दोनशे लिही, खाली गिचमिड सही कर. बघ कसं सुरळीत पास होतं. खरं लिहिलेलं अडकतं आणि खोटं छापलेलं निघून जातं, हे इथल्या प्रत्येक ऑफिसातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. क्वेरी लिहिणाऱ्यालाही माहीत आहे. तरी लिहायची! आणि मग वर्षाच्या शेवटी पारदर्शकतेवर ट्रेनिंग घ्यायचं, त्याच्याही हजेरीपटाला रेव्हेन्यू स्टॅम्प लावून.

लाज वाटत नाही का? मी हे हेड ऑफिसात बसलेल्यांना विचारतोय, आणि ‘आमचा पैसा थेट गरिबांपर्यंत गेला पाहिजे’ म्हणणाऱ्या देणगीदारांनाही. थेट म्हणजे कसा? उडत? तांड्यावर पोचायला कोणीतरी जीपमध्ये बसावंच लागतं. तुमचा प्रशासन खर्च टक्क्यांत बसावा म्हणून जो खर्च तुम्ही दाखवत नाही, तो नाहीसा होत नाही. तो चार हजार मानधनवाल्या बाईच्या बटव्यातून जातो. मुलाच्या वह्यांचे पैसे असतात ते. तुमच्या प्रकल्पाची खरी देणगीदार तीच आहे, आणि तिला ना पावती, ना करसवलतीचं ऐंशी-जीचं प्रमाणपत्र.

आणि उगाच ऑडिटरचं नाव पुढं करू नका. मी आमच्या सीएंना स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं, जिथं तिकीट मिळत नाही तिथल्या प्रवासासाठी ठरावीक भत्त्याचा ठराव कार्यकारिणीत घ्या, गावनिहाय दर लावा, व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याची सही आणि बैठकीचा हजेरीपट जोडा. ‘मला एवढं पुरेल,’ म्हणाले. म्हणजे अडवणूक कायद्याची नाही, ऑडिटरची नाही. एक पानी ठराव करायचा कंटाळा आहे तुमचा. लोगोचा रंग बदलायचा ठराव एका दुपारीत झाला होता, इतिवृत्त मीच टाइप केलंय.

दरपत्रक मी तयार करून पाठवलं आहे. फाट्यांची नावं, जीपभाडं, कुठं किती पायी चालावं लागतं, सगळं आहे त्यात. येत्या बैठकीत ते मंजूर करा. ताईंचं व्हाउचर सस्पेन्समधून, म्हणजे अडकलेल्या खर्चाच्या खात्यातून काढा आणि पैसे त्यांच्या खात्यात टाका, मागच्या बैठकांचेही, जे त्यांनी मागितले नाहीत ते धरून. आणि खुलासा हवा असेल तर मला फोन करा. पुन्हा त्यांना करायला लावू नका.