मोर कुठून आला?

भाचा नववीत आहे. रविवारी निबंधाची वही घेऊन आला. विषय ‘पहिला पाऊस’. फेअर वही, समास आखलेला, अक्षर टपोरं, खाडाखोड औषधालाही नाही. निबंधात मोर थुईथुई नाचत होते, बळीराजा सुखावला होता, मातीचा सुगंध दरवळत होता.

विचारलं, “मोर कुठे पाहिलास रे?” पोरगं पिंपरीत तिसऱ्या मजल्यावर राहतं.

“मामा, पावसाच्या निबंधात मोर लागतोच.”

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासून पोट भरतो. त्यामुळे बिनखाडाखोडीचा कागद दिसला की मला पहिली शंका येते की हा उतरवलेला आहे. भाच्याची चूक नाही. प्रस्तावना, मध्य आणि शेवट असे निबंधाचे तीन भाग त्याला शिकवलेत. पण हे झाले तयार निबंधाचे भाग. निबंध तयार कसा होतो, त्याच्या पायऱ्या कोणत्या, हे कुणी सांगितलेलंच नाही. पोळीला पापुद्रे दोन असतात हे सांगितलं म्हणून कणीक मळता येत नाही.

मग वही मिटायला लावली. कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहायला सांगितलं, की यंदा पहिला पाऊस आला तेव्हा तू कुठे होतास? वाक्यं नकोत, नुसते शब्द. पाच मिनिटं पेन चावत बसला. मग एकेक निघायला लागलं. लाइट गेले. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. आई जिन्यातून पळाली. शेजारच्या काकूंनी साडीचं दुसरं टोक धरलं. निम्म्या कुरडयांचा परत चीक झाला. आई हसायला लागली.

मी म्हटलं, हाच तुझा निबंध. मोराला सुट्टी दे.

पुढची पायरी निवडण्याची. बारा-तेरा शब्दांतले पाच ठेवायचे. इथे पोरं अडतात, कारण सुचलेलं टाकवत नाही. क्रम त्याने स्वतःच लावला, पळापळ आधी आणि लाइट जाणं नंतर. का, तर म्हणे अंधारातच हसू ऐकू आलं. मला हे सुचलं नसतं. मग कच्चं लिहिलं, शुद्धलेखनाकडे न बघता. मग मोठ्याने वाचलं. जिथे धाप लागते तिथे वाक्य तोडायचं, जिथे आपल्यालाच कंटाळा येतो ते काढायचं. पहिला अख्खा परिच्छेद गेला, आणि तो बहुतेक वेळा जातोच. लिहिणारा घसा साफ करत असतो तिथे.

या पायऱ्या जिन्यासारख्या सरळ नसतात, हेही सांगायला हवं. 1971 मध्ये जॅनेट एमिग यांचा अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकागोच्या परिसरातल्या बारावीच्या आठ मुलांना त्यांनी मोठ्याने बोलत बोलत लिहायला लावलं होतं. आधी आराखडा, मग लेखन, मग दुरुस्ती अशी शाळेतली ओळ प्रत्यक्षात दिसलीच नाही. लिहिता लिहिता माणूस मागे जातो, पुन्हा शोधतो. पळताना आईची एक चप्पल खालीच राहिली, हे भाच्याला आठवलं तेसुद्धा कच्चं लिहून झाल्यावर.

आपल्याकडे घोडं अडतं ते अक्षरापाशी. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यात वळणदार अक्षर कसं काढावं, कागदाच्या कडेला जागा कशी सोडावी, हे सगळं आहे. ते पोथ्या नकलून घ्यायच्या काळाला धरून होतं. आम्ही मात्र आजही निबंध म्हणजे नक्कलच समजून गुण देतो. आणि गंमत बघा, चूक झाली तर त्या जुन्या लेखनिकांकडेसुद्धा सोय होती. चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप फासायचा आणि वर पुन्हा लिहायचं. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. आमच्या पोरांना व्हाइटनरही बंद.

“मामा, पण परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?” प्रश्न बरोबर आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात 80 गुणांना तीन तास, निबंधाला 8 गुण. हिशेबाने 18 मिनिटं येतात. त्यातली चार मिनिटं शब्द आणि क्रम यांना द्या, बारा मिनिटं लिहा, दोन वाचायला ठेवा. कच्चं-पक्कं दोनदा लिहिणं तिथे जमणार नाही, ते वर्षभर घरी करायचं. पण चार मिनिटं न लिहिता बसायला जिगर लागते, कारण शेजारचा तोवर पुरवणी मागत असतो.

वही तपासून आली. आठपैकी पाच. शेरा : ‘निसर्गवर्णन हवे.’ बाईंवर राग नाही माझा. एका वर्गाच्या साठेक वह्या, रात्री स्वयंपाक उरकल्यावर तपासायच्या म्हटल्यावर मोर दिसला की टिक करणंच सोपं.

भाचा थोडा हिरमुसला. ताईने वही घेतली आणि ओट्याशी उभ्या उभ्या वाचली. चपलेपाशी हसली. मग म्हणाली, “अरे, काकूंनी साडी नव्हती धरली, चादर होती ती. पलंगावरची, निळी.”

त्याने पेन काढलं आणि फेअर वहीत ‘साडीचं’वर आडवी रेघ मारली.